जुने व्हिडिओ गेम नव्या एलईडी टीव्हीला आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला कसे जोडावेत?

गावभागकर (सांगली)

नमस्कार. जुने व्हिडिओ गेम आणि नवे टीव्ही यांचा मेळ कसा बसवावा, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमच्याकडे तीन यंत्रे आहेत. पहिले नव्वदच्या दशकात घरोघरी दिसणारे कॅसेटचे, म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असलेले, ज्याच्यासोबत बदके मारण्याचे पिस्तूल मिळत असे. दुसरे सेगाचे मेगा ड्राइव्ह २ आणि तिसरे प्लेस्टेशन २, नंतर आलेले बारीक अंगाचे. २०१९ च्या महापुरात ही तिन्ही यंत्रे वरच्या मजल्यावर माळ्यावर असल्यामुळे वाचली. तळमजल्यावरचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही मात्र पाण्यात गेला आणि त्याच्या जागी ४३ इंची एलईडी टीव्ही आला. या टीव्हीला एचडीएमआयचे तीन सॉकेट आहेत, मागे एकाच पट्टीत हिरवा, निळा, लाल आणि शेजारी आवाजाचे पांढरा व लाल असे पाच गोल सॉकेट आहेत, आणि आवाज बाहेर काढण्यासाठी एक ऑप्टिकल आउट आहे. वडिलांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन स्पीकर अजूनही उत्तम वाजतात, त्यामुळे तेही या जोडणीत वापरता यावेत अशी इच्छा आहे.

आता अडचणी सांगतो. कॅसेटच्या गेमला पिवळी आणि पांढरी अशा दोनच पिना आहेत. टीव्हीला पिवळा सॉकेट नसल्याने पिवळी पिन हिरव्यात लावली, तर चित्र येते, पण कृष्णधवल येते आणि त्यावर बारीक जाळी दिसते. मेगा ड्राइव्ह एका मित्राकडून आणलेल्या एव्ही-टू-एचडीएमआय डबीतून जोडले. तिथे रंग आले, परंतु सगळी पात्रे आडवी फुगलेली दिसतात, मार बसल्यावर लुकलुकणारे पात्र मधेच पूर्ण नाहीसे होते आणि बटण दाबल्यानंतर उडी किंचित उशिरा पडते. प्लेस्टेशन २ त्याच डबीतून चालते, पण अक्षरे वाचताना डोळे ताणावे लागतात. टीव्हीच्या आवाजात दम नाही, आणि गेमची पांढरी पिन अ‍ॅम्प्लिफायरला लावली की गेमच्या आवाजापेक्षा घुंऽऽ असा नादच जास्त येतो. पिस्तुलाने तर एकही बदक पडत नाही. बाजारातील एका दुकानात दाखवले असता, ही यंत्रे आता गेलीच असे समजा, असे सांगण्यात आले.

दिवाळीच्या सुट्टीत भाचरे येणार आहेत, त्याआधी हे सर्व मार्गी लागावे असे वाटते. नेमके काय विकत घ्यावे आणि कशावर पैसे घालवू नयेत, हे कृपया सांगावे.

सोल्डर आणि रेझिन (सातारा)

गावभागकर, तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही यंत्र बिघडल्याचे लक्षण नाही. तिन्ही यंत्रे आपापले काम चोख करत आहेत. त्यांचा सिग्नल टीव्ही चुकीचा वाचतो आहे, एवढाच काय तो घोळ आहे.

कृष्णधवल चित्रापासून सुरुवात करू. तुमच्या टीव्हीतील हिरवा सॉकेट दुहेरी कामाचा आहे. नीट पाहिलेत तर त्याच्याभोवती अर्धे पिवळे कडे असेल किंवा शेजारी ‘एव्ही’ आणि ‘वाय’ अशी दोन्ही अक्षरे छापलेली असतील. कम्पोनंट पद्धतीत हिरव्या तारेतून फक्त उजेड-अंधाराची माहिती येते आणि रंगांची माहिती निळ्या व लाल तारांतून स्वतंत्र येते. तुमच्या पिवळ्या पिनेतून मात्र उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळून येतात. पाल पद्धतीत (आपल्याकडच्या जुन्या रंगीत प्रसारणाची पद्धत; अमेरिका-जपानची ती एनटीएससी) हा रंग ४.४३ मेगाहर्ट्‌झच्या लहरीवर स्वार होऊन येतो. टीव्हीचा सोर्स ‘कम्पोनंट’ असेल, तर तो त्या लहरीतून रंग सोडवून घेत नाही, ती लहर उजेडाचाच भाग समजून पडद्यावर जशीच्या तशी उमटवतो. तुम्हाला दिसणारी बारीक जाळी ती हीच, म्हणजे रंग टीव्हीपर्यंत पोहोचलेला आहे. पिन हिरव्यातच राहू द्या आणि रिमोटवरून सोर्स ‘एव्ही’ करा. त्यानंतरही रंग आले नाहीत, तर चित्राच्या सेटिंगमध्ये ‘कलर सिस्टिम’ शोधून ती ‘ऑटो’वरून काढा आणि पाल, एनटीएससी ३.५८, एनटीएससी ४.४३ असे पर्याय एकेक करून पाहा, कारण नकलेच्या यंत्रांचा सिग्नल बहुधा कोणत्याच मानकात पुरता बसत नाही आणि ‘ऑटो’चा अंदाज त्यांच्यापाशी फसतो.

ज्यांच्या टीव्हीला गोल सॉकेटच नाहीत, फक्त हेडफोनसारखे एक भोक आहे, त्यांच्यासाठी एक सूचना इथेच देऊन ठेवतो. त्या भोकाची तीन पिनांची वायर टीव्हीसोबत आलेलीच वापरावी. बाजारात मिळणारी कॅमेऱ्याची वायर दिसायला हुबेहूब तशीच असते, पण तिच्या कड्यांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग चित्र येत नाही व स्पीकरमधून नुसती खरखर येते.

आता लुकलुकणारे पात्र नाहीसे का होते, ते पाहू. खरा विषय हाच आहे. जुन्या दूरदर्शन प्रसारणाचे चित्र ६२५ ओळींचे असे, पण ते एका दमात येत नसे. आधी एकाआड एक अशा निम्म्या ओळी येत आणि मग उरलेल्या निम्म्या त्यांच्या मधल्या फटींत बसत. एका खेपेला ३१२.५ ओळी, आणि त्या अर्ध्या ओळीमुळेच पुढची खेप आधीच्या ओळींच्या मधोमध पडे. गेमच्या यंत्रांनी इथे एक युक्ती केली. त्यांनी ती अर्धी ओळ गाळून बरोबर ३१२ ओळी पाठवल्या, त्यामुळे प्रत्येक खेप आधीच्याच ओळींवर पडते आणि सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांऐवजी पन्नास पूर्ण, पण कमी ओळींची चित्रे मिळतात. एनटीएससी पद्धतीच्या यंत्रांत हाच प्रकार २६२.५ ऐवजी २६२ ओळींवर आणि सेकंदाला साठ वेळा होतो, आणि त्यांपैकी प्रत्यक्ष चित्राच्या ओळी सुमारे २४० असल्यामुळे या सिग्नलला २४० पी म्हणतात. पिक्चर ट्यूबला याचे काहीच वावडे नव्हते. आजचे बहुतेक टीव्ही आणि स्वस्तातल्या डब्या मात्र आलेला सिग्नल जुने प्रसारणच आहे असे गृहीत धरून लागोपाठची दोन चित्रे वेणीच्या पेडांप्रमाणे एकमेकांत गुंफतात. मार बसलेले पात्र एक फ्रेम दिसते आणि एक फ्रेम दिसत नाही, अशा रीतीने लुकलुकते. गुंफण करणाऱ्या यंत्राने त्यातल्या नेमक्या ‘न दिसणाऱ्या’ फ्रेम उचलल्या, की पात्र गायब होते. वेगाने सरकणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतात, तेही यामुळेच.

उडी उशिरा पडण्याचे कारणही इथेच आहे. गुंफण करायची तर पुढचे चित्र येईपर्यंत थांबावे लागते, आणि पाल यंत्रात एक चित्र २० मिलिसेकंदांचे, एनटीएससीमध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे असते. डबीने एखाद-दोन चित्रांचा उशीर लावला, त्यावर टीव्हीने चित्र ‘सुधारण्यासाठी’ आणखी काही चित्रे रोखून धरली, की हातात आणि पडद्यात अंतर पडलेच. म्हणून टीव्हीत ‘गेम मोड’ चालू करा आणि हालचाल गुळगुळीत करणारी, खरखर कमी करणारी अशी सर्व सेटिंगे बंद करा. गेम मोड बहुतेक टीव्हींत प्रत्येक सोर्ससाठी वेगळा लावावा लागतो, हे ध्यानात असू द्या. पात्रे फुगलेली दिसतात, त्यासाठी टीव्हीचा आकार ४:३ करावा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या तशाच राहू द्याव्यात.

ती डबी मित्राला परत करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या टीव्हीला पिवळ्या पिनेची सोयच नाही त्याच्यासाठी ती नाइलाजाने ठीक आहे. तुमच्या टीव्हीत तिच्यापेक्षा चांगले काम थेट जोडणीने होईल. डबीवर ७२० आणि १०८० असे बटण असते, त्याने चित्र स्पष्ट होईल अशी अनेकांची समजूत असते, परंतु पिवळ्या तारेत एकदा मिसळलेला रंग आणि उजेड कोणत्याही बटणाने पुरता वेगळा होत नाही.

प्लेस्टेशन २ साठी मात्र पैसे खर्च करा आणि कम्पोनंट केबल घ्या. प्लेस्टेशन ३ ची कम्पोनंट केबलही त्याला चालते, कारण मागचा सॉकेट तोच आहे. केबल लावण्याआधी जुन्या पिवळ्या वायरवरच यंत्र सुरू करून ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’मध्ये ‘कम्पोनंट व्हिडिओ आउट’ हा पर्याय ‘आरजीबी’वरून ‘वाय सीबी/पीबी सीआर/पीआर’वर न्यावा, नाहीतर चित्र हिरवेगार येईल. या केबलला दोन लाल पिना असतात, एक चित्राची आणि एक आवाजाची. निळ्या-हिरव्यासोबत बांधलेली ती चित्राची. काही गेममध्ये सुरू होताना त्रिकोण आणि फुली ही बटणे एकत्र दाबून धरली, की ४८० पी चित्राचा पर्याय समोर येतो. तिथे गुंफणीची भानगड उरत नाही आणि अक्षरे लख्ख दिसतात.

मेगा ड्राइव्हच्या बाबतीत उत्तर थोडे खर्चिक आहे. त्याच्या मागच्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटमधून आरजीबी म्हणजे तिन्ही रंग वेगवेगळे मिळतात, पण युरोपात जो स्कार्ट सॉकेट त्यासाठी असे, तो आपल्याकडच्या टीव्हींना कधी नव्हताच. ओएसएससी किंवा रेट्रोटिंक अशा नावांची लाइन डबलर यंत्रे २४० पी सिग्नल ओळखतात, गुंफण न करता प्रत्येक ओळ दुप्पट करतात आणि जवळजवळ शून्य उशिरात एचडीएमआयमधून देतात. ती परदेशातून मागवावी लागतात आणि आयातशुल्क धरून प्लेस्टेशन २ च्या आजच्या किमतीच्या पुढे जातात. त्यातही ओएसएससीला पिवळ्या पिनेसाठी जागाच नसते, त्यामुळे तुमच्या कॅसेटच्या गेमला त्याचा काडीचा उपयोग नाही. रेट्रोटिंक २एक्समध्ये पिवळी पिन, एस-व्हिडिओ आणि कम्पोनंट या तिन्हींची सोय आहे. दिवाळीपुरता प्रश्न असेल, तर हा खर्च करू नये.

जाता जाता एक गंमत सांगतो. १९९१ च्या सॉनिकमध्ये पहिल्याच टप्प्यात धबधबे आहेत. ते चित्रकाराने उभ्या रेघा एकाआड एक सोडून काढलेले आहेत, कारण पिवळ्या तारेत त्या रेघा एकमेकींत विरघळून पाणी पारदर्शक भासेल, हे त्याला ठाऊक होते. आरजीबीवर हेच पाणी खिडकीच्या गजांसारखे उभे राहते. त्यामुळे महागडी जोडणी प्रत्येक ठिकाणी सुंदर दिसेलच, असे नाही.

आणखी एक मुद्दा. मेगा ड्राइव्ह पाल असेल, तर काही गेम तुम्हाला आठवणीपेक्षा मंद वाटतील. साठ चित्रांसाठी रचलेला गेम पन्नास चित्रांवर सुमारे १७ टक्के सावकाश चालतो आणि संगीतही रेंगाळते. त्यात टीव्हीचा दोष नाही, सेटिंगमध्ये शोधत बसू नका.

तरफेची तार (मिरज)

चित्राबद्दल वर सविस्तर लिहून झालेले आहे, म्हणून मी केवळ आवाजापुरते लिहितो. आमच्या गावात तंबोरा जुळवताना जवारीच्या एका दोऱ्यासाठी लोक तास घालवतात, तेव्हा घुंऽऽ नादाकडे दुर्लक्ष करा असे सांगणे मला जमणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, आवाज टीव्हीत नेऊन पुन्हा बाहेर काढण्याच्या फंदात पडू नका. जुन्या यंत्रांची चित्राची पिन आणि आवाजाच्या पिना मुळातच वेगळ्या असतात. चित्राची पिन टीव्हीला लावा आणि आवाजाच्या पिना थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’, ‘टेप’ किंवा ‘सीडी’ या सॉकेटला लावा. ‘फोनो’ असे लिहिलेल्या सॉकेटला चुकूनही लावू नका. तो रेकॉर्ड प्लेयरच्या अत्यंत क्षीण सिग्नलसाठी असतो. तिथे आवाज कितीतरी पट वाढवला जातो आणि खर्जही मुद्दाम चढवला जातो. गेमची पिन तिथे लावली, तर आवाज फाटतो आणि आजूबाजूची सगळी गुणगुण मोठी होऊन ऐकू येते. तुमची पांढरी पिन सध्या कोणत्या सॉकेटात आहे, ते प्रथम पाहा.

पिन योग्य जागी असूनही नाद येत असेल, तर पुढची परीक्षा अशी करा. सर्व जोडणी तशीच ठेवून टीव्हीच्या मागची केबलवाल्याची गोल वायर काढा. नाद तत्क्षणी थांबला, तर गुन्हेगार सापडला. त्या वायरचे बाहेरचे कवच दूर कुठेतरी जमिनीला जोडलेले असते आणि तुमचा अ‍ॅम्प्लिफायर घरच्या अर्थिंगला जोडलेला असतो. या दोन जमिनींत थोडासा जरी विद्युतदाबाचा फरक असला, तरी तो फरक गेमच्या वायरीतून वाहतो आणि ५० हर्ट्‌झचा व त्याच्या दुपटीचा खर्ज म्हणून कानावर पडतो. खेळताना ती वायर काढून ठेवणे हा फुकटचा उपाय आहे. कायमचा उपाय हवा असेल, तर आवाजाच्या वायरीत बसणारा छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो, गाडीच्या स्टिरिओचे सामान विकणाऱ्यांकडे तो हमखास असतो. टीव्ही, गेम आणि अ‍ॅम्प्लिफायर या तिन्हींची वीज एकाच बोर्डावरून घ्यावी. मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्या तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये. नाद जाईल, पण उद्या आत काही बिघडले तर धातूचे खोके हात लावणाऱ्याला झटका देईल.

याखेरीज एक वेगळ्या जातीची गुणगुण असते, जी पडद्यावरील चित्राप्रमाणे बदलते. पडदा पांढरा झाला की ती चढते, काळा झाला की उतरते. ती अर्थिंगची नव्हे. नकलेच्या यंत्रांत चित्राचा सिग्नल आतल्या आतच आवाजात झिरपतो, त्याची ती आहे आणि बाहेरून तिच्यावर फारसा इलाज नाही. चांगला अडॅप्टर लावून थोडा फरक पडतो, इतकेच.

कॅसेटच्या गेमचा आवाज एकेरी आहे, त्यामुळे फक्त पांढरी पिन लावल्यास एकच स्पीकर वाजेल. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘मोनो’ असे बटण असते, ते दाबावे. नसल्यास एका पिनेच्या दोन पिना करणारी वाय आकाराची जोडवायर लावावी. मेगा ड्राइव्ह २ मध्ये मागच्या सॉकेटमधूनच दुहेरी आवाज मिळतो. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या आवृत्तीत मात्र मागचा आवाज एकेरी असून दुहेरी आवाज फक्त समोरच्या हेडफोनच्या भोकातून येतो, हे ज्यांच्याकडे ते मॉडेल आहे त्यांनी लक्षात ठेवावे. प्लेस्टेशन २ च्या मागे ऑप्टिकल आउटही आहे. ते लावल्याने गेमना पाच स्पीकरांचा आवाज येईल अशी अपेक्षा ठेवू नका. डीव्हीडी चित्रपटांत तसा आवाज मिळतो, गेमचा आवाज बहुतांशी दुहेरीच असतो. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल सॉकेट नाही, तेव्हा कम्पोनंट केबलच्या पांढऱ्या-लाल पिनाच लावाव्यात. ऐकून फरक सांगता येईल असे मला वाटत नाही.

आवाज थेट घेतला आणि चित्र टीव्हीत रेंगाळले, तर दोहोंचा मेळ बिघडेल का, अशी शंका येईल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या प्रसारणविषयक शिफारशीत असे आढळते, की आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे असेपर्यंत सर्वसाधारण प्रेक्षकाला तो फरक जाणवत नाही. गेम मोड चालू असलेला टीव्ही सहसा या मर्यादेच्या पुष्कळ आत असतो. मधे ती डबी असेल, तर मात्र आवाज आधी आणि उडी नंतर असे होऊ शकते. साउंडबार वापरणाऱ्यांनी टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट ‘पीसीएम’ ठेवावे, आणि ब्लूटूथने जोडू नये. ब्लूटूथचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो. गाणी ऐकताना तो कळतही नाही, पण बंदुकीचा आवाज गोळी लागून गेल्यावर आला तर खेळण्यातली मजाच जाते.

माळ्यावरचा खजिना (कराड)

वरील दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण माझे मत जरा वेगळे आहे. कॅसेटच्या गेमसाठी एलईडी टीव्हीशी एवढी झटापट करण्यापेक्षा एक २१ इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळवावा. दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत किंवा भंगारवाल्याकडे असे टीव्ही अजून पडून असतात आणि नेणाऱ्याला ते जवळजवळ फुकट देतात. घेताना समोर किंवा मागे पिवळा सॉकेट आहे ना, एवढे पाहून घ्या, म्हणजे अँटेनाच्या वायरीतून चॅनेल शोधत बसावे लागत नाही.

पिस्तुलाचा प्रश्न तर दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सुटणार नाही. घोडा ओढताच गेम पडदा क्षणभर काळा करतो आणि लगेचच्या फ्रेममध्ये बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. नळीतला प्रकाशसंवेदक काळ्यानंतर नेमक्या त्याच फ्रेममध्ये उजेड दिसतो का, ते पाहतो. एलईडी टीव्हीवर तो चौकोन उमटेपर्यंत गेमने विचारणा संपवलेली असते, त्यामुळे नेम कितीही अचूक असला तरी उत्तर ‘हुकला’ असेच येते. शिवाय मूळ पिस्तुलातील सर्किट पिक्चर ट्यूबच्या सेकंदाला सुमारे पंधरा हजार ओळींच्या लुकलुकीलाच दाद देते, म्हणजे बल्बवर नेम धरून कोणी गुण मिळवू नये. एलईडीच्या सलग उजेडात त्या सर्किटला ती लुकलुक सापडतच नाही. गेम मोडनेही काही होणार नाही.

जुना टीव्ही घरी आणल्यावर त्याचे मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ साठून राहतो. ज्याचे हात त्यात बसलेले आहेत अशा कारागिराकडूनच काम करून घ्यावे.

गावभागकर (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. सोर्स ‘एव्ही’ केला, ‘कलर सिस्टिम’मध्ये एनटीएससी ४.४३ निवडले, आणि कॅसेटच्या गेमला रंग आले. पांढरी पिन ‘ऑक्स’मध्येच होती, केबलची वायर काढताक्षणी नाद थांबला. वडिलांनी शेजारच्या खोलीतून येऊन, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केला का, असे विचारले. पिस्तुलाचा नाद सोडून दिला आहे, कारण घरात दुसरा टीव्ही ठेवण्यास परवानगी मिळालेली नाही.

प्लेस्टेशन २ साठी कम्पोनंट केबल आणली आणि अक्षरे खरोखरच स्वच्छ झाली. परंतु एक नवी अडचण आली. यंत्राचा स्वतःचा मेन्यू दिसतो, प्लेस्टेशन २ चे गेम दिसतात, पण पहिल्या प्लेस्टेशनची जुनी सीडी टाकली की सुरुवातीची खूण दिसून पुढे टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ असे येते. आवाज मात्र अ‍ॅम्प्लिफायरमधून व्यवस्थित चालू असतो. सीडी खराब म्हणावी, तर तीच सीडी पिवळ्या वायरवर चालते.

सोल्डर आणि रेझिन (सातारा)

सीडी चांगली आहे आणि केबलही चांगली आहे. पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम २४० पी आहेत, आणि प्लेस्टेशन २ ते कम्पोनंटमधूनही तसेच २४० पी पाठवते. पिवळ्या सॉकेटवर टीव्ही त्याला जुने प्रसारण समजून निदान गुंफून तरी दाखवतो. कम्पोनंट सॉकेटवर अनेक टीव्ही ४८० ओळींच्या खालचा सिग्नल सरळ नाकारतात. आवाज वेगळ्या वायरीने जात असल्यामुळे त्याला काही होत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये यावर उपाय नाही. जुन्या सीडींसाठी पिवळी वायर आणि प्लेस्टेशन २ च्या गेमसाठी कम्पोनंट, अशा दोन वायरी ठेवणे हाच बिनखर्चाचा मार्ग आहे. वायर बदलताना यंत्र बंद करायला विसरू नका. जुन्या सीडी खूप असतील, तर मात्र मागे सांगितलेल्या लाइन डबलरचा विचार करण्यास हे सबळ कारण आहे.

डाव अर्धवट (विटा)

धागा वाचून मीही मेगा ड्राइव्ह बाहेर काढले. त्याचा मूळ अडॅप्टर हरवला आहे. घरात कॅसेटच्या गेमचा ९ व्होल्टचा अडॅप्टर आहे, तो लावून पाहिला तर चालेल का? पिन जरा ढिली बसते.

सोल्डर आणि रेझिन (सातारा)

कृपया लावू नका. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या आवृत्तीला ९ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या मध्यभागी ऋण टोक लागते. दुसऱ्या आवृत्तीला १० व्होल्ट, ०.८५ अँपिअर लागतात आणि तिथे मध्यभागी धन टोक लागते. कॅसेटच्या यंत्रांचे अडॅप्टर दोन्ही प्रकारचे आढळतात. टोके उलटी गेली तर यंत्र जाते, आणि ते चालू होते का हे लावून पाहिल्यावरच कळेल अशी ही परीक्षा नाही. पिन ढिली बसते आहे, यावरूनच तो अडॅप्टर तुमच्या यंत्राचा नाही हे उघड आहे.

यंत्राच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर मॉडेल आणि टोकांची खूण असते. त्याचा फोटो येथे टाका, आणि हाताशी मल्टिमीटर असेल तर अडॅप्टरची टोके व व्होल्ट मोजून तेही लिहा. जुन्या, ट्रान्सफॉर्मरच्या जड अडॅप्टरवर भार नसताना छापील आकड्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट दिसतात, त्याने घाबरून जाऊ नये.